प्राथमिक शिक्षकच का व्हायचंय? वाचकांचे प्रश्न आणि बाईंची उत्तरं

मागच्या अंकात डीएलएडच्या, म्हणजे प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या पदविकेच्या, प्रवेशाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढे मेसेज आणि पत्रं आलीत की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. फॉर्म कधी सुटतात, फी किती, टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, अवघड असते का, हे तर सगळ्यांनीच विचारलंय पण त्याच्या खाली जवळजवळ प्रत्येकाने एक ओळ लिहिलीये, की मला शिक्षक व्हायचंय त्याचं माझं कारण हे असं आहे, ते चालेल का. मला या ओळीबद्दलच जास्त बोलायचंय. माझी नोकरी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली, त्यातली बरीचशी पहिली-दुसरीच्या वर्गावर, त्यामुळे जे बघितलंय तेच सांगते. नावं कोणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : बारावी सायन्सला चांगले मार्क पडलेत. घरचे म्हणतात नर्सिंग कर नाहीतर फार्मसी कर, मला डीएलएड करायचंय. का म्हणून विचारलं की मी सांगते मला पहिलीच्या बाई फार आवडायच्या, तर सगळे हसतात. माझं कारण खरंच बालिश आहे का? (परभणी जिल्हा)

अगं अजिबात नाही. शिक्षण परिषदेला किंवा एखाद्या ट्रेनिंगला जेवणाच्या सुट्टीत कोणत्याही शिक्षिकेला विचार की तू या लाइनला कशी आलीस, बऱ्याच जणी कुठल्यातरी बाईंचं नाहीतर गुरुजींचं नाव घेतात. त्यात हसण्यासारखं काय आहे मला कळत नाही, डॉक्टरला बघून डॉक्टर व्हावंसं वाटलं तर कोणी हसत नाही.

फक्त एक काम कर, बाई आवडायच्या म्हणजे त्या नेमकं काय करायच्या ते आठवून वहीत लिही. नुसतं प्रेमळ होत्या एवढ्यावर थांबू नको. तुला वाचता येत नव्हतं तेव्हा त्यांनी काय केलं, तू रडलीस तेव्हा जवळ घेतलं की आधी दुसऱ्या कामाला लावलं, सगळ्या वर्गासमोर विचारायच्या की जवळ येऊन हळूच. असं चार गोष्टी आठवल्या तर तुझं कारण पक्कं आहे असं समज, कारण तेव्हा तुला बाई आवडत होत्या तसंच त्यांचं कामही आवडत होतं.

आता मला जे खरं सांगायचंय ते. दुसरी-तिसरीच्या मुलाला 52 वजा 17 दे, बरीच मुलं उत्तर लिहितात 45. का, तर एककाला 2 आणि 7 दिसतात, लहानातून मोठा कसा काढणार म्हणून ते पोरगं सरळ 7 तून 2 काढतं आणि 5 मांडतं, मग 5 तून 1 काढून 4. त्याच्या डोक्यात नियम आहे, मोठ्यातून लहान वजा करायचं, आणि तो नियम आपणच त्याला पहिलीत शिकवलेला असतो. अशी वही समोर आली की काही जणांचा हात लगेच लाल पेनाकडे जातो आणि काही जणांना आधी प्रश्न पडतो की हे 45 आलं कुठून. पोराला जवळ बोलावतात, म्हणतात मला करून दाखव बरं, आणि त्याने करून दाखवलं की मग दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या काढून बसतात, एक गठ्ठा सोड आता, झाल्या ना बारा काड्या, आता सात काढ. हे करताना तुझा जीव रमणार असेल, तिसाव्या मुलापर्यंतही रमणार असेल, तर डोळे झाकून ये. मुलाच्या चुकलेल्या उत्तरात ज्याला रस वाटतो तो या नोकरीत टिकतो हे माझं मत आहे आणि मी ते कितीही वेळा सांगेन.

ते कळायला डीएलएडची वाट बघायची गरज नाही. तुमच्या गावच्या किंवा शेजारच्या गावच्या झेडपीच्या शाळेत जा, मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घे, आणि शाळा सुरू झाल्या झाल्या पहिलीच्या वर्गात थोडे दिवस बसून बघ. तेव्हाचा पहिलीचा वर्ग म्हणजे अर्धी पोरं रडतायत, एकाची नाडी सुटलीये, एक दप्तर घेऊन गेटकडे निघालंय, एक बाईंच्या पदराला धरून उभंच आहे. संध्याकाळी घरी आल्यावर दमलेली असशील ते सोड, उद्या परत जावंसं वाटतं का ते बघ.

बाकी माहितीचं म्हणशील तर डीएलएड दोन वर्षांचा, कोणत्याही शाखेची बारावी चालते, साधारण 50 टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला थोडी सवलत आहे. प्रवेश पुण्याच्या एससीईआरटीकडून, म्हणजे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून, ऑनलाइन होतात. त्यानंतर टीईटी आणि मग टेट, ही दोन नावं सारखी वाटतात म्हणून घोळ होतो. टीईटी ही पात्रता, आणि टेट म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, 200 मार्कांची, तिच्या मार्कांवर सरकारच्या शिक्षक भरतीच्या वेबसाइटवरून, म्हणजे पवित्र पोर्टलवरून, भरती होते. टेट दरवर्षी होत नाही गं, 2017 ला झाली, मग थेट 2023, मग 2025, हे मनाशी धरूनच ये. आणि अजून एक, 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात 2030 पर्यंत शिक्षकाला चार वर्षांचा एकात्मिक बीएड ही किमान पात्रता करायचं म्हटलंय, तू आत्ता बारावी झालीयेस तर आसपास तो कोर्स कुठे आहे का तेही बघून ठेव, दोन्हीची तुलना कर आणि मग ठरव.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे, वय 33. मुलगी पहिलीत गेल्यापासून तिला मीच वाचायला शिकवलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये की हेच काम करावं. नोकरी सोडून बीएड करायचा विचार आहे, बायको म्हणते आधी कोणालातरी विचारा. (पुणे)

तुमच्या बायकोचं बरोबर आहे, आधी विचारलंत ते बरं केलंत. कारण पहिली ते पाचवीला बीएड चालत नाही. 2018 मध्ये एनसीटीईने, म्हणजे शिक्षकांची पात्रता ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेने, बीएडवाल्यांना प्राथमिकला परवानगी दिली होती, सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायच्या अटीवर, पण 11 ऑगस्ट 2023 ला सुप्रीम कोर्टाने ते रद्द ठरवलं. कोर्टाचं म्हणणं मला शिक्षिका म्हणून मनापासून पटलं, की लहान मुलांना शिकवायचं प्रशिक्षण वेगळं असतं आणि डिग्री मोठी आहे म्हणून ते आपोआप येत नाही. तेव्हा तुम्हाला पहिलीच हवी असेल तर डीएलएडच करावं लागेल, इंजिनिअरिंगनंतरसुद्धा, अठरा वर्षांच्या मुलामुलींबरोबर बाकावर बसून. सहावी ते आठवी आणि पुढे माध्यमिकला गणित-विज्ञान शिकवायचं असेल तर बीएडचा रस्ता आहे.

आता पैशाचं स्पष्ट बोलते. सरकारी भरतीत पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात आणि प्राथमिकला मानधन महिना 16,000. हे 2023 पासूनचं, त्याआधी तर 6,000 होतं आणि त्या 6,000 वर पोरांनी घरापासून तीनचारशे किलोमीटर लांब खोली करून दिवस काढलेत. तीन वर्षांनंतर नियमित पगार लागतो आणि तो चांगला आहे, पण 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. होम लोन असेल, मुलीची फी असेल, तर हा हिशोब बायकोबरोबर बसून कागदावर मांडा, आणि भरती कधी निघेल ते आपल्या हातात नाही हेही त्यात धरा.

आणि तुमच्या कारणाबद्दल. स्वतःच्या मुलीला वाचायला शिकवणं हा फार मोठा आनंद आहे, तो ज्याने घेतलाय त्याला हे वेड लागतं हे मला माहितीये. पण तुमच्या मुलीच्या घरात पुस्तकं आहेत, तिच्याशी सतत बोलणारे आईबाप आहेत, ती शाळेत यायच्या आधीच तिला माहीत होतं की कागदावरच्या खुणांमधून गोष्ट निघते. माझ्या वर्गात अर्धी मुलं ऊसतोड कामगारांची. दिवाळीच्या आधी आईबापाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर जायची आणि मार्च-एप्रिलला परत यायची. हंगामी वसतिगृहं आहेत, काही मुलं आजीजवळ राहतात, पण सगळी नाही राहत. एक पोरगा असा परत आला, जाताना क-म-ल एवढं वाचायचा ते पण पुसून गेलेलं, पुस्तक उघडलं की मान खाली. मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि त्याला म्हटलं मला उसाचं सांग. तर भडाभडा बोलायला लागला, एका मोळीत किती ऊस, गाडीत किती मोळ्या, आईबापाने उचल किती घेतली होती आणि किती फिटली, तोंडी हिशोब असा करायचा की मीच कागद घेतला. मग तो सांगेल तसं मी फळ्यावर लिहीत गेले, मोळी, गाडी, कोयता, आणि त्याचे ते शब्द तो वाचायला लागला, कारण ते त्याचे होते. पुढे पुस्तकावर आला, वेळ लागला पण आला.

तुम्हाला हे असं शिकवायला आवडेल का, हा तुमच्यापुढचा प्रश्न आहे. नोकरी लगेच सोडू नका. पुण्यात महापालिकेच्या शाळा आहेत, वाचनावर काम करणाऱ्या संस्था आहेत, शनिवारी दोन तास द्या, एक वर्ष द्या, ज्या मुलाच्या घरी एकही पुस्तक नाही अशा मुलाबरोबर बसा. वर्षभराने तुमची तुम्हालाच खात्री होईल, हो किंवा नाही, आणि नाही आलं तरी ज्या मुलांना तुम्ही वर्षभर वाचायला बसवलंत त्यांचं भलंच झालेलं असेल.

प्रश्न : 2009 ला डीएड (आताचं डीएलएड) झालं, मग लग्न, मुलं. तेव्हा भरतीच नव्हती म्हणून राहून गेलं. आता वय 37. खरं सांगू का ताई, मला शिक्षिका व्हायचंय कारण मला माझा स्वतःचा पगार हवाय. असं म्हटलं तर लोक म्हणतात शिक्षकाचा पेशा पवित्र आहे, पैशासाठी करू नये. (सांगली जिल्हा)

हे पत्र मी परत परत वाचलं. ताई, स्वतःचा पगार हवा असणं हे अतिशय चांगलं कारण आहे आणि ते तुम्ही कोणापासून लपवायचं काही कारण नाही. हा पेशा पवित्र आहे म्हणणारे लोक वकिलाला, इंजिनिअरला पैशासाठी करू नको म्हणत नाहीत, बाईला आणि मास्तरलाच म्हणतात. ज्या बाईला महिन्याच्या महिन्याला स्वतःच्या खात्यावर पैसे येतात ती वर्गात ताठ उभी राहते आणि पहिलीतल्या मुली ते बघत असतात. मी असंही बघितलंय की पगारासाठी आलेल्या शिक्षिका मुलांमध्ये अशा गुंतल्या की बदली झाली तर गाव एसटी अडवून उभं, आणि अगदी सेवाभावाने आलेले काही जण दोन वर्षांत कंटाळले. कशासाठी आलात यावर शेवट ठरत नाही, आल्यावर मुलांकडे बघता की घड्याळाकडे त्यावर ठरतं.

तुमच्या पिढीवर अन्याय झालाय हे मी मान्य करते. डीएडच्या कॉलेजांचं तेव्हा पेव फुटलं होतं, हजारो मुलींनी बापाच्या जमिनीवर कर्ज काढून डीएड केलं, आणि 2010 च्या सीईटीनंतर मोठी भरती आली ती थेट पवित्र पोर्टलवर 2019 ला. मधल्या काळात किती जणींची लग्नं झाली, किती जणी शेतात, पार्लरमध्ये, शिलाई मशीनवर गेल्या. तुमच्यात काही कमी होतं म्हणून राहिलं असं कधीही मनात आणू नका.

आता वेळ कमी आहे म्हणून लगेच उठा. राज्यात सरळसेवेला कमाल वय साधारणपणे खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 असतं, तुमचा प्रवर्ग तुम्ही लिहिला नाहीये, तेव्हा जाहिरातीतली वयाची तारीख आधी बघा. टीईटी दिली नसेल तर येत्या परीक्षेलाच फॉर्म भरा, पास झालात की ते सर्टिफिकेट आता कायमचं असतं, पूर्वीसारखं सात वर्षांनी संपत नाही. सरकारी हुकलं तरी अनुदानित आणि खासगी शाळांना पहिली ते आठवीला टीईटी लागतेच, त्यामुळे ती वाया जात नाही. खासगीत पगाराबद्दल मात्र नीट विचारून घ्या, सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच, असं काही ठिकाणी चालतं, तिथे जाऊ नका.

आणि उशीर झाला म्हणता तर बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाई मोडकांचं सांगते. 1892 चा त्यांचा जन्म, राजकोटला ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या, चांगली मानाची नोकरी, ती सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांकडे लहान मुलांचं काम करायला गेल्या. आणि 1945 ला बोर्डीला जाऊन ग्रामबालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा पन्नाशी उलटलेली होती. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ, लहानपणीच विधवा झालेल्या, शिकून शिक्षिका झालेल्या. पुढे कोसबाडला वारल्यांची मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर या बायका शाळाच घेऊन कुरणात गेल्या, गुरं चरतायत आणि मुलं तिथेच शिकतायत, कुरणशाळाच म्हणायचे तिला. तुम्ही तर अजून सदतीसच्या आहात.

प्रश्न : मी मुलगा आहे आणि मला पहिली-दुसरीलाच शिकवायचंय. मित्र चिडवतात की हे बायकांचं काम आहे. (चंद्रपूर जिल्हा)

मित्रांना चिडवू दे. पहिलीच्या वर्गावर सरांना मी स्वतः बघितलंय, मांडी घालून पोरांच्यात बसलेले, एक पोर मांडीवर, एक पाठीवर, आणि तोंडाने गाणं चालू. ज्या मुलाने घरात पुरुष म्हणजे ओरडणारा माणूस एवढंच बघितलंय त्याला रोज पाच-सहा तास न ओरडणारे सर मिळतात, याची किंमत फार मोठी आहे रे. तू तुमच्याकडच्या माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या शाळेवर गेलास तर त्यांची बोली आधी शीक, निदान ये, बस, पाणी, भूक, पोटात दुखतंय एवढं तरी. पहिलीचं मूल बाईंची नाहीतर सरांची भाषाच कळत नाही म्हणून गप्प बसलेलं असतं आणि त्याला मठ्ठ ठरवतात, हे तू होऊ देऊ नको.

प्रश्न : माझे बाबा झेडपीला शिक्षक आहेत, वय 48. मला त्यांच्यासारखंच व्हायचंय पण तेच म्हणतात येऊ नको या लाइनला, शिकवायला वेळच देत नाहीत. आता तर त्यांनाही टीईटी द्यायला लागणार म्हणून घरात टेन्शन आहे. (नाशिक जिल्हा)

बाबांचं म्हणणं खोटं नाही. यू-डायसवर शाळेची माहिती भरा, आधार अपडेट करा, पोषण आहाराची रोजची माहिती टाका, मतदार यादीसाठी बीएलओ म्हणून घरोघरी फिरा, फोटो काढून ग्रुपवर टाका, आणि मग मुलांना वाचता का येत नाही म्हणून नोटीस. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये लिहिलंय की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावायचं नाही, पण निवडणुकीचं काम वर्षभर चालूच असतं आणि बाकीचं सगळं शैक्षणिकच आहे असं म्हणून आणलं जातं. याच्यावर शिक्षकांनी भांडलंच पाहिजे आणि पालकांनी शिक्षकांच्या बाजूने उभं राहिलं पाहिजे, कारण तास मुलांचा जातो. हे बाबांना म्हणावं मी वाचलं आणि मला पटलं.

पण बाबांना एक विचार, की एवढं सगळं असून वर्गाचं दार लावल्यावर कसं वाटतं. त्यांनी जर सांगितलं की तेवढा वेळ बरं वाटतं, तर तुला तुझं उत्तर मिळालं. नाही म्हणाले तर दुसऱ्या शिक्षकांनाही विचार, एका दमलेल्या माणसावरून ठरवू नको.

टीईटीचं म्हणशील तर 1 सप्टेंबर 2025 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात म्हटलंय की सेवेतल्या शिक्षकांनाही ती लागेल, ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा कमी राहिलीये त्यांना नोकरीत राहण्यापुरती सूट, बाकीच्यांनी दोन वर्षांत पास व्हायचं. बाबा 48 चे म्हणजे अट्ठावन्नला दहा वर्षं, त्यांना द्यावी लागेल. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसाला हे लागतं, साहजिक आहे. तू डीएलएडला गेलीस की तुलाही तीच परीक्षा आहे, तर दोघं मिळून अभ्यास करा ना. पेपर एक मध्ये 150 प्रश्न, अडीच तास, बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास प्रत्येकी 30 मार्कांना, पास व्हायला 60 टक्के, मागासवर्गीयांना 55. मानसशास्त्राचे सिद्धांत आणि इंग्रजीचं व्याकरण तू घे, ते तुझं ताजं आहे, मुलं गणितात कुठे अडकतात आणि परिसर अभ्यास हे बाबांकडून घे. जुने पेपर परीक्षा परिषदेच्या वेबसाइटवर बघा, रोज एक तास, घड्याळ लावून. बाबांनी हो म्हटलं की मला कळव, गणित आणि मानसशास्त्राचे मुलांच्या चुकांवर बेतलेले काही सरावप्रश्न मी काढून ठेवलेत ते पुढच्या अंकात देते.